शिलाई मशीनवरचं स्टेअरिंग

परभणीत बदली होऊन आले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारची गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तोच खालून टायर घासल्याचा कर्कश आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी धाडकन आदळलं. मी तशीच अनवाणी जिना उतरले. रस्त्यावर काहीच नव्हतं. लिंबाच्या सावलीत एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं आणि त्याला काही ऐकू आल्याचं दिसत नव्हतं. तेवढ्यात तोच आवाज पुन्हा आला, तो घरमालकांच्या बैठकीतून.

दार उघडंच होतं. माझ्या घरमालकीणबाई, नलूकाकू, पदर कमरेला खोचून शिलाई मशीनसमोर बसल्या होत्या. मशीनचं डोकं आत मुडपून वर सपाट फळी केलेली, आणि त्या फळीला एक काळं स्टेअरिंग पक्कं आवळलेलं. मशीनला मोटर बसवल्यापासून पायट्याचं काम उरलं नव्हतं, म्हणून तो काढून टाकून तिथं ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचे पेडल ठेवलेले. दाबताना ते मागं सरकू नयेत म्हणून त्यांच्या पाठीशी वाटणाचा दगडी पाटा. समोर टीव्हीवर एक लाल गाडी भिंतीला नाक लावून उभी होती.

"भ्यालीस का?" काकू मान न वळवता म्हणाल्या. "ब्रेक उशिरा दाबला मी. ये, बस की."

मी बसले. पुढची तीन वर्षं मी त्या बैठकीत अधूनमधून अशीच बसत गेले.

काकूंचा मुलगा प्रसाद पुण्यात नोकरीला होता. मध्ये काही महिने तो परभणीतून काम करत होता, तेव्हा त्यानं हे सगळं सामान आणलं, आणि परत जाताना "तिकडं जागा न्हाई" म्हणून इथंच ठेवलं. त्याच्या मते आई ते फडक्यानं झाकून ठेवणार होती. आईनं फडकं त्याच दिवशी काढलं.

काकूंनी आयुष्यभर कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले होते. त्यांच्या पायात ती सवय मुरलेली होती. अस्तराचं कापड असलं की पाय कसा हलका ठेवायचा, जाड काठ आला की कसा दाबायचा, हे त्या बोलता बोलता करायच्या. ब्रेकवरही त्यांचा पाय तसाच पडायचा. प्रसाद धपकन ब्रेक मारायचा आणि गाडी घसरायची. "लेकाला शिवणकाम शिकवायला पायजे होतं," असं त्या मला अगदी मनापासून सांगायच्या.

घरात खरी गाडीही होती. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा घेतलेली, पांढरी, कायम खाकी कापडाच्या खोळीत. काका रोज सकाळी खोळ काढायचे, गाडी सुरू करायचे, इंजिनचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि बंद करून पुन्हा खोळ घालायचे. पूजाच ती. काकूंनी एकदा "मला बी शिकवा की" असं म्हटलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, "शिकणाऱ्याच्या हातानं क्लचप्लेट जळती." क्लचप्लेट म्हणजे नक्की काय हे काकूंना तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून त्या गप्प बसल्या. पुढं ठाऊक झालं तेव्हा त्यांना त्या गप्प बसण्याचाच राग यायचा.

या खेळांत नवख्या माणसाला सांभाळून घ्यायची बरीच सोय असते, हे मला काकूंकडूनच कळलं. रस्त्यावर रंगीत पट्टा दिसतो, तो लाल झाला की ब्रेक दाबायचा. चाक घसरायला लागलं की गेम स्वतःच सावरून घेतो. गिअर आपोआप पडतात. आणि आपटलात तर एक बटण दाबून दोन क्षण मागं जाता येतं, जणू आपटलाच नव्हतात. कुणीही खेळायला आलं की काकू पहिल्यांदा म्हणायच्या, "आधी सगळी मदत बंद कर." कॉलनीतली पोरं आली तरी हेच, जावई आला तरी हेच. जावई पहिल्याच वळणावर गवतात गेला आणि चहा यायच्या आत तीनदा गेला. काकूंनी त्याला पोहे वाढले, पण पट्टा काही चालू करून दिला नाही.

"मदत घेऊन जिंकलं तर जिंकलं कोण? गेमच की," असं त्यांचं म्हणणं.

नवा गेम आला की त्या त्याची परीक्षा घ्यायच्या. सरळ रस्त्यावर गाडी भरधाव सोडायची आणि वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवून त्याच वेळी करकचून ब्रेक दाबायचा. खरी गाडी अशा वेळी वळत नाही, सरळ जाऊन धडकते. गेममधली गाडी ऐटीत वळली की काकू हात झटकायच्या. "खोटारडा हाय ह्यो. ठेव बाजूला."

मी एकदा विचारलं, खरी गाडी का वळत नाही? त्यांनी माझ्यासमोर मूठ धरली. "टायरची एवढीच मूठ असती. त्यात ब्रेक धर, न्हाईतर वळण धर. दोन्ही कोंबायला गेलीस की दोन्ही निसटतंय." आणि वजनाचं काय, म्हटल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या. वालूरला माहेरी असताना डोक्यावर हंडा घेऊन त्या कशा चालायच्या ते त्यांनी बैठकीत चालून दाखवलं. "पळत आलीस अन् एकदम थांबलीस तर पाणी पुढंच सांडतंय ना? गाडीचं बी सगळं वजन तसंच पुढं येतंय. मग मागची चाकं हलकी पडत्यात, अन् ढुंगण फिरवत्यात." हा शेवटचा भाग त्यांनी करून दाखवला नाही, पण हसू मात्र आम्हाला दोघींना आवरेना.

ऑनलाइन शर्यतीत त्या उतरायच्या तेव्हा अंबाड्यावरून हेडफोन चढवायचा हा एक सोहळा असायचा. नाव प्रसादचंच होतं, त्यामुळे समोरच्यांना वाटायचं पुण्याचा कोणी पोरगा आहे. एकदा हैदराबादच्या एका मुलानं त्यांच्या गाडीला मागून ठोकलं. काकूंनी माईक तोंडाशी ओढला. "क्यों रे बेटा, आँखां हैं के नईं? ब्रेक कायकू बनाए फिर?"

 पलीकडून एक घाबरलेला आवाज, "आप... आप कौन बोल रे?"

"मैं परभनी से काकू बोल री. सामने आ, पीछे से नक्को मार."

तो पोरगा पुढच्या सगळ्या शर्यतीत त्यांच्या मागं अदबीनं राहिला. नंतर तो रोज यायचा, त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, आणि त्याच्या परीक्षेच्या आधी काकूंनी त्याला दोन आठवडे खेळायला सक्त मनाई केली होती. ती त्यानं पाळली. स्वतःच्या आईचंही तो इतकं ऐकत नसावा.

मग एके दिवशी काकू मला म्हणाल्या, "मी ड्रायव्हिंग स्कूलमधी नाव घातलंय. ह्यांना सांगू नको."

काकांना दुपारी झोपायची सवय होती, ती कामी आली. पहिल्या दिवशी काकूंनी मलाही सोबत नेलं. मी मागच्या सीटवर बसले. शिकवणारे मास्तर तरुण होते आणि पन्नाशीच्या पुढच्या बाया शिकवून त्यांचा जीव थकलेला दिसत होता. विद्यापीठाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर काकूंनी गाडी घेतली. सुरुवातीला इंजिन दोनदा बंद पडलं, कारण त्यांच्या पेडलांमध्ये क्लच नव्हताच. पण एकदा गाडी चालायला लागली आणि वळण आलं, तेव्हा त्यांनी वळणाआधी ब्रेक दाबला, पाय हळूच उचलत स्टेअरिंग वळवलं आणि बाहेर पडताना अलगद वेग दिला. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही.

मास्तर सरळ होऊन बसले. "काकू, आधी कुठं चालवत होतात तुम्ही?"

"शिलाई मशीनवर," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

परत येताना मात्र काकू जरा गंभीर होत्या. "खेळात सगळं डोळ्याला कळतंय गं," त्या म्हणाल्या. "हितं बुडाला कळतंय. गाडी घसरायच्या आधीच सीट सांगती. हे त्या गेमवाल्यांना कसं जमायचं?" आणि थोड्या वेळानं, "अन् त्यांनी एक तरी शेळी दाखवायला पायजे होती रस्त्यावर. एवढा पैसा घेत्यात."

लायसन्स आलं त्या दिवशी त्यांनी ते काकांच्या ताटाशेजारी ठेवलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "फोटो बरा आलाय." आणि जेवण झाल्यावर किल्ली आणून दिली.

इथं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण शर्यतीच्या खेळात गाडी मागं घ्यायला कोणी शिकवत नाही. तिथं रस्ता पुढंच असतो आणि चांगला रुंद असतो. काकूंनी पांढरी गाडी फाटकातून मागं काढायला घेतली आणि उजवी बाजू फाटकाच्या खांबावर अशी काही घासली की शेजारच्या गच्चीवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. आवाज हुबेहूब टीव्हीतल्यासारखा होता. काकूंचा उजवा हात स्टेअरिंगवर काहीतरी चाचपडला. मला नंतर त्यांनी सांगितलं, "मी मागं जायचं बटण शोधायले होते."

काका चिडले असते तर बरं होतं. त्यांनी ओरबाड्यावरून बोट फिरवलं, खोळ घातली, किल्ली कपाटात ठेवली. "गेम खेळून कोणी ड्रायव्हर होत असतंय का?" एवढंच संध्याकाळी, तेही टीव्हीकडे बघत. काकूंनी स्टेअरिंग मशीनवरून सोडवलं, कापडात गुंडाळलं आणि पलंगाखाली सरकवलं. पाटा पुन्हा स्वयंपाकघरात गेला. मशीनचं डोकं वर आलं. माझ्या खोलीखाली दुपार इतकी शांत झाली की मला झोप लागेना.

हे असं बरेच आठवडे चाललं. मग वालूरला काकूंच्या भाचीचा साखरपुडा निघाला. मला तिथली जुनी बारव, पायऱ्यांची विहीर, बघायची होती, म्हणून काकूंनी मलाही सोबत घेतलं. काका गाडी चालवत होते. जाताना ते फारच हळू, रस्त्याच्या कडेला चिकटून चालवत होते. मला वाटलं, स्वभाव.

साखरपुडा झाला, बारव झाली, जेवणं झाली. परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सूर्य थेट आरशात येत होता. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला. शेतातून निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांनी चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर जागोजागी आणून टाकली होती. एका वळणापुढं मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मला मागून दिसत होता. काकूंना दिसत होता. गाडीचा वेग काही कमी होईना.

"अहो, मेंढ्या!" काकू ओरडल्या.

काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पहिली मेंढी बॉनेटला अंग घासून निघून गेली. मेंढपाळानं काठी टेकून आत डोकावलं. "सायेब, डोळा लागला व्हय?"

 कळप संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. चारी बाजूंनी मेंढ्यांच्या पाठी आणि बें बें. काकांनी इंजिन बंद केलं.

"मला दिसायलं न्हाई नीट," ते शेवटी म्हणाले. "लय दिवस झाले. समोरून दिवा आला की नुसता पांढरा धूर होतंय. दिवसा भागतंय कसंतरी."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

 रोज सकाळी गाडी सुरू होऊन लगेच बंद का व्हायची, ती फाटकाबाहेर का पडायची नाही, हे त्या मेंढ्यांच्या मधोमध आम्हाला दोघींना एकदमच कळलं. काकूंचा राग चेहऱ्यावर आला आणि तिथंच विरला.

"उतरा," त्या म्हणाल्या. "इकडून बसा."

त्यांनी सीट पुढं घेतली, आरसा वळवला, पदर खोचला. गाडी निघाली. काका शेजारी पाय ताणून बसलेले, जणू तिकडंही एक ब्रेक होता. काही अंतर नीट गेलं. मग उताराला लागलो आणि समोर उसाची ट्रॉली अचानक मंदावली. आमची गाडी नेमकी ओल्या मातीच्या पट्ट्यावर होती. मागचा भाग हलकेच बाजूला सरकायला लागला.  काकांचा हात हँडब्रेककडं गेला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण त्या काकांना अशा आवाजात कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि काकांनीही ऐकलं नसावं. हात तिथंच थांबला. काकूंनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलला, मान ट्रॉलीकडं न ठेवता बाजूच्या मोकळ्या जागेकडं वळवली आणि स्टेअरिंग किंचित, खरोखर किंचित, तिकडं दिलं. गाडी एकदा डोलली आणि सरळ झाली. कोरड्या डांबरावर आल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि ट्रॉलीच्या मागं सावकाश चालायला लागल्या.

 मग काकांनी विचारलं, "खेळात असंच असतंय का?"

"गाडी अशीच असती," काकू म्हणाल्या. "पर खेळात भ्या वाटत न्हाई."

घरी पोचल्यावर त्या फाटकासमोर थांबल्या, खांबाकडं पाहिलं आणि किल्ली काढली. "आज बाहेरच राहू दे तिला."  ओट्यावर बसून त्या अर्धा तांब्या पाणी प्यायल्या आणि मग एकदम हसायला लागल्या. काकाही. मीही हसले, पण माझं हसू रडण्याच्या फार जवळचं होतं.

काकांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. तपासणीला दर वेळी काकूच घेऊन जायच्या, आणि गाडी मागं घ्यायला त्या कॉलनीच्या रिकाम्या मैदानात विटा मांडून शिकल्या. पलंगाखालचं स्टेअरिंगही परत मशीनवर चढलं. काळा चष्मा लावून काका शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कुठल्यातरी परदेशातल्या शर्यतीत काकू सगळ्यात पुढं असताना म्हणायचे, "हळू घे आता, गाव आलं."

"अहो, शर्यत हाय ही!"

"असू दे की. लेकरं असत्यात रस्त्यावर."

खात्याच्या जीपमध्ये कालव्याच्या कच्च्या रस्त्यांवर काकांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. गेममधली जीप हादरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या जीपमध्ये कसं दात दातांवर आपटायचे, हे ते हैदराबादच्या पोराला माईकवरून सांगायचे. तो बिचारा ऐकून घ्यायचा. वळणावर काकू त्याला गाठायच्या ते अशाच वेळी.

पुढं माझी बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढताना काकूंनी ट्रकवाल्याला माल मागच्या बाजूला जास्त भरू नको, पुढचं चाक हलकं पडतं, असं बजावलं. त्यानं ऐकलं नाही. काकू त्याच्याशी वाद घालत होत्या आणि त्या गडबडीत आमचा निरोप घ्यायचाच राहिला.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त पाथरीला गेले होते. काम आटोपून परभणीची एसटी पकडली. खिडकीशी बसले होते. वाटेत कालव्याच्या पुलाजवळ बस माणसं घ्यायला थांबली, आणि रस्त्यापलीकडं कडेला ती पांढरी गाडी दिसली. उजव्या दारावरचा ओरबाडा अजून तसाच. आत काकू एकट्याच. शेजारी काका नव्हते, मागं कोणी पाहुणे नव्हते, पिशवी नाही, डबा नाही. खिडकीवर कोपर टेकवून त्या कालव्याच्या पाण्याकडं बघत बसल्या होत्या.

मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं आणि क्षणात ओळखलं.

"कुठं निघालात?" मी ओरडून विचारलं. "काका बरे आहेत ना?"

"बरे हायत की! झोपलेत दुपारचे."

"मग इकडं कुठं?"

काकू जरा गोंधळल्या. या प्रश्नाला काही उत्तर लागतं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं बहुतेक. मग त्या हसल्या.

"कुठं न्हाई गं. उगंच!"

कंडक्टरनं घंटी मारली. मी मागं वळून बघत राहिले. काकूंनी काच वर घेतली, सगळा रस्ता रिकामा असताना उजवा इंडिकेटर लावला, खांद्यावरून एकदा मागं पाहिलं आणि पाथरीच्या दिशेनं निघाल्या. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. गाडी लहान होत गेली, आणि वळणाआधी तिचे मागचे लाल दिवे हलकेच लागून विझलेले मला दिसले.